नांदेड ते लातूर : एक सूत

आमच्या गल्लीतलं कुणी विमानात बसलं, की जब्बारमास्तर पृथ्वीला टाचण्या टोचतात. जिथून विमान उडणार तिथे एक, जिथे उतरणार तिथे दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये ताणून बांधलेला शिलाईचा दोरा. दोऱ्याचा रंग माणूस बघून ठरतो. कुलकर्ण्यांच्या पोरीला पिवळा, कारण लहानपणी तिचे सगळे फ्रॉक पिवळे असत. औषधवाल्या पठाणांच्या जावयाला करडा, कारण तो माणूसच तसा आहे. पोचलेल्या माणसाचा घरी फोन आला, की घरच्यांनी दुकानात येऊन सांगायचं. मग मास्तर टाचण्या उपटतात, दोरा रिळावर परत गुंडाळतात आणि म्हणतात, "झालं. स्वारी उंबऱ्याला लागली." तोवर पृथ्वीला हात लावायची कुणाची टाप नाही.

मास्तर शिंपी आहेत. नांदेडच्या जुन्या भागात, आमच्या घरासमोर त्यांचं दुकान आहे आणि पाटीवर 'शर्ट, पँट, सफारी' एवढंच लिहिलेलं आहे. पासष्टी उलटली, तरी सुईत दोरा स्वतः ओवतात. तोंडाच्या एका कोपऱ्यात कायम दोन टाचण्या असतात, त्यामुळे ते बोलतात ते उरलेल्या कोपऱ्यातून. स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत. एकदा विमानतळाच्या कुंपणापर्यंत जाऊन आले, एक विमान उतरताना पाहिलं आणि "पोट लई सुटलंय, पण अंगावर बसलंय बराबर," एवढा अभिप्राय देऊन परत आले.

ही पृथ्वी त्यांच्याकडे आली, त्यात माझा हात आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या शाळेतला मोठा पृथ्वीगोल एका वर्षी स्टँडवरून पडला आणि नादुरुस्त वस्तूंच्या यादीत गेला. मी तो स्कूटरवर घालून घरी आणत होतो, तर मास्तरांनी रस्त्यात अडवलं. "टाकून देऊन राहिले का काय सर? ह्याचं फकस्त कंबरडं मोडलंय. बाकी तब्येत चांगली हाय." जुन्या शिलाई मशीनचा एक लोखंडी दांडा त्यांनी त्यात घातला, आणि पृथ्वी पुन्हा फिरू लागली. तिच्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे. मी ते दाखवलं, तर म्हणाले, "नाव बदललं म्हणून जमीन सरकत न्हाई सर. आपल्याला माप घ्यायचं हाय."

माप ते गळ्यातल्या टेपनेच घेतात. या गोलावर एका इंचात हजार-अकराशे किलोमीटर बसतात आणि विमान तेवढं अंतर साधारण सव्वा तासात कापतं, हे गणित मी त्यांना कागदावर करून दिलं. त्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही. हैदराबाद ते सिंगापूर तीन इंच, दिल्ली ते लंडन सव्वासहा इंच, अशी सगळी दुनिया त्यांना इंचांत पाठ आहे. वर चढायला पाव तास आणि उतरायला पाव तास वेगळा. त्यावर दाब.

हा दाब समजल्याशिवाय मास्तर समजायचे नाहीत. शिवणीच्या आत शिंपी जास्तीचं कापड सोडतो, उद्या माणूस जाड झाला तर उसवून सैल करता यावं म्हणून. तो दाब. मास्तर तो वेळेतही सोडतात. विमान सात तासांचं असेल, तर घरच्यांना साडेआठ सांगतात. "सात सांगितलं आन सव्वासात झालं, की आईच्या पोटात गोळा येतो. साडेआठ सांगा. आठाला फोन आला की तिलाच वाटतं, पोरगं लवकर पोचलं."

मी वीस वर्षं भूगोल शिकवत असूनही माझी अब्रू त्यांनी एकदा भर दुकानात काढली, तेही सांगून टाकतो. आमचे एक सहकारी भाच्याला शिकागोला पाठवत होते. त्यांना काळजी पडली होती, की अमेरिका जर पश्चिमेला, तर विमान उत्तरेला बर्फावरून कशाला नेतात. मी नकाशा पसरून वक्र पृष्ठभाग, बृहद्‌वर्तुळ वगैरे पंधरा मिनिटं समजावलं. ते सहकारी मान हलवत राहिले, चेहरा मात्र तसाच. मास्तर टाचण्या चावत ऐकत होते. मग त्यांनी टेप काढला आणि त्या सहकाऱ्यांच्या पोटाला लावला. "गुरुजी, कापड सपाट असतं, माणूस गोल असतो. तुमच्या ह्या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत सगळ्यात जवळचा रस्ता बेंबीवरून न्हाई, पोटाच्या वरच्या अंगानं हाय. विमानवाल्यांना पोट चुकवायचं असतंय." सहकाऱ्यांना लख्ख समजलं. पुढच्या वर्षीपासून मी नववीच्या वर्गात हेच उदाहरण देतो, फक्त पोट स्वतःचं घेतो.

माझ्या मोबाइलमध्ये विमान कुठे आहे ते दाखवणारं अॅप आहे. त्याच्याशी मास्तरांचं वाकडं. मी म्हणालो, "मास्तर, उतरलं बघा विमान," तर ते मान वर न करता विचारणार, "विमान उतरलं. पोरगी उतरली का?" त्यांच्या लेखी विमानतळ ते विमानतळ हा प्रवासच नव्हे. "उंबरा ते उंबरा धरायचं, सर. आईनं हात सोडला तिथून, आन पोचले म्हणून आवाज आला तिथवर." तो आवाज येईपर्यंत दोरा निघत नाही. कुलकर्ण्यांची पोर एकदा पोचून झोपून गेली आणि फोन करायची विसरली, तेव्हा पिवळा दोरा दोन दिवस अटलांटिकवर ताणलेला होता. तिसऱ्या दिवशी मास्तरांनीच तिला फोनवर झापलं.

तर असा हा माणूस. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर विचारा, टेप गळ्यातून निघालाच. फक्त एक अंतर ते सांगत नसत. नांदेड ते लातूर.

विमानतळ दोन्हीकडे आहे, एकीकडून दुसरीकडे विमान काही जात नाही. पण कुणी गंमत म्हणून विचारलं, तर मास्तर म्हणत, "टाचणी जाड हाय. दोन गावं एका डोक्याखाली येतात." हे खरंच होतं. पण ते म्हणताना ते लगेच मशीन सुरू करत आणि मशीनच्या आवाजात पुढचं काही विचारता येत नसे.

खरी गोष्ट मला माझ्या बायकोकडून कळली. सुनंदाचं माहेर लातूरचं, आणि तिच्या माहेरच्या शेजारी रझियाआपा राहतात. रझियाआपा म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मास्तरांना त्यांनीच वाढवलेलं. नऊ वर्षांपूर्वी आपांच्या मुलाचं, फरहानचं लग्न होतं. शेरवानी अर्थात मामाकडे. पण ते लग्नसराईचे दिवस, दुकान सोडून लातूरला जायला मास्तरांना सवड झाली नाही, म्हणून त्यांनी माप फोनवर घेतलं. लग्नाच्या दिवशी नवरदेव सासऱ्यांची गळाभेट घ्यायला गेला आणि शेरवानी काखेत दोन्हीकडून फाटली. आत दाब सोडलेलाच नव्हता.

भर मांडवात आपा हसत हसत बोलून गेल्या, "सारे नांदेड को नाप के देता, मेरे घर को अंदाजे से दिया." सगळे हसले. मास्तर न जेवता निघून आले. आपांना राग आला, की एकुलता एक भाऊ माझ्या पोराच्या लग्नात घास न घेता गेला. मास्तर म्हणत, तिनं बोलावलं तर जाईन. आपा म्हणत, गेला तो आपल्या पायानं, येईल तो आपल्या पायानं. नऊ वर्षं झाली. दुकानातल्या प्रत्येक कपड्यात आणि प्रत्येक विमानात तेव्हापासून दाब आहे.

यंदा उन्हाळ्यात सुनंदानं बातमी आणली. फरहान डब्लिनला असतो, त्याच्या बायकोचं दुसरं बाळंतपण जवळ आलेलं, आणि आपा एकट्या निघाल्या आहेत. आधी हैदराबाद, मग दुबईला विमान बदलून डब्लिन. आपांनी एकटीनं लातूर-उदगीरच्या पलीकडे प्रवास केलेला नव्हता आणि इंग्रजीचा गंध नव्हता.

मास्तरांनी ऐकलं, पण ऐकल्यासारखं दाखवलं नाही. "व्हय का," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी गेलो, तर गोल समोर ओढून बसलेले. "हैदराबाद-दुबई अडीच इंचाला थोडं कमी," ते पुटपुटले. "दुबई-डब्लिन साडेपाच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी लातूरला कधी जाऊन राहिल्या?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनंदासाठी एक चिठ्ठी तयार ठेवली. माप लिहायच्या वहीचा कागद होता. त्यावर उंची, छाती, कंबर, बाही, कॉलर असे छापील रकाने, आणि रकान्यांत उर्दूत बारीक लिहिलेलं. मला वाचून दाखवलं. छातीच्या रकान्यात हैदराबाद : तीन तास आधी जायचं, पासपोर्ट हातातून सोडायचा नाही. कंबरेत दुबई : इथं विमान बदलतं, पाटी समजली नाही तर बाईमाणसाला विचारायचं, लाजायचं नाही. बाहीत डब्लिन : आपली पेटी आली की उचलायची आणि तिथंच बसायचं, पोरगा येईल.

"माझं नाव सांगायचं न्हाई, वहिनी," मास्तर म्हणाले. कागदाच्या डोक्यावर दुकानाचं नाव छापलेलं होतं, तेवढी पट्टी त्यांनी नागमोडी कात्रीनं कापून टाकली होती. कागदाला वरून दातेरी कड आली होती. अशी कड मराठवाड्यात दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीला असेल असं मला वाटत नाही.

सुनंदानं चिठ्ठी दिली. आपांनी ती कडेवरून बोट फिरवत वाचली आणि पर्समध्ये ठेवली.

आपा निघाल्या त्या दिवशी गोलावर हिरवा दोरा लागला. विमान हैदराबादहून रात्री निघून पहाटे दुबईला पोचणार, आणि सकाळी दुबईहून पुढे. दुसऱ्या दिवशी दहाला उघडणारं दुकान सात वाजता उघडं होतं. मास्तरांनी आपल्या घड्याळानं दुपारी दोनला उतरणं, त्यावर पासपोर्टचे शिक्के आणि पेटी मिळून एक तास, त्यावर अर्धा तास दाब, असा साडेतीनचा आकडा काढला होता. जेवायला घरी गेले नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या पँटला त्यांनी एकाच पायाला दोनदा दुमड घातली आणि उसवली.

दोनला पाच मिनिटं कमी असताना माझ्या मोबाइलवर विमान उतरलं. मी जाऊन सांगितलं. या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. "विमान तर उतरलं," इतकंच म्हणाले.

तीन वाजले. साडेतीन झाले. दाब संपला. चार वाजता सुनंदानं थेट फरहानला फोन लावला, आणि फोन ठेवून ती समोरच्या दुकानात आली तेव्हाच तिचा चेहरा मला दिसला. "फरहान बाहेर दारापाशी उभा आहे. सगळी माणसं निघून गेली म्हणतो. आपा आल्याच नाहीत."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून पुठ्ठ्यावर ठेवल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचं तोंड मोकळं पहिल्यांदाच पाहत होतो. "दुबईलाच राहिली असंल," ते म्हणाले. "विमान बदलायचं तिला समजलं नसंल. मीच नीट लिहिलं न्हाई. मी कधी बसलोय का विमानात, सर? मला काय कळतंय?" मी म्हणालो, असं काही नसतं, नावं तपासतात, राहिलं असेल माणूस तर लगेच कळतं. मी बरंच बोललो. भूगोलाचा मास्तर असून मला त्या क्षणी डब्लिन कुठे आहे तेही आठवत नव्हतं. मास्तर हिरव्या दोऱ्यावर बोट ठेवून बसले होते. "आधी शेरवानी," ते म्हणाले, "आता हे."

सव्वापाचला मास्तरांचा फोन वाजला. लांबलचक, अनोळखी नंबर. त्यांनी तो माझ्याकडे धरला, मी हिरवं बटन दाबून स्पीकर लावला.

"जब्बार," पलीकडून बाईचा आवाज आला. "तेरी चिठ्ठी में लिखा था ना, इधरच बैठ. तो मैं बैठी."

झालं होतं असं. आपांनी पट्ट्यावरून आपली पेटी उचलली, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे तिच्यावर बसल्या, आणि पोराची वाट पाहू लागल्या. लातूरच्या स्टँडवर आपण माणसाला फलाटाशी बसवतो आणि घरचा माणूस तिथे येऊन घेऊन जातो, तशी. घरच्या माणसाला तिथे आत सोडत नाहीत, दार ओलांडून आपणच बाहेर जायचं असतं, हे ना चिठ्ठी लिहिणाऱ्याला ठाऊक, ना वाचणाऱ्याला. कुणी येऊन हातवारे केले, की आपा त्यांना ती चिठ्ठी दाखवायच्या आणि पुन्हा बसायच्या. तीन तास दाराच्या आत आई आणि दाराच्या बाहेर लेक. शेवटी झाडझुड करणाऱ्या एका बाईनं त्यांचा हात धरून दाराबाहेर आणून सोडलं.

"एक बाई उठाई तो उठी," आपा म्हणाल्या. "तू तो उठ करके लिखाच नहीं."

मी त्यांना खुणेनं बोला म्हणालो. "आपा," ते म्हणाले, "चिठ्ठी मेरी है करके कैसे समझी?"

"नागमोडी कैंची," आपा म्हणाल्या, आणि हसल्या. मांडवातलं हसू मी ऐकलेलं नाही, पण हे तसं नसावं. मग त्या म्हणाल्या, "फरहान मोटा हो गया रे. थंडी में आताय. शेरवानी लातूर में घर की पेटी में है अब्बी. नाप बोलूं क्या उसका?"

"फोनपे नको," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "फोनपे नाप नको, आपा. मैं आताऊं."

फोन बंद झाला. मला इतकं हायसं वाटलं, की मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो आणि सुनंदाला चहा टाकायला सांगितलं. तीही डोळे पुसत आणि हसत घरी गेली. मास्तरांनी हिरवा दोरा सोडवला. रिळावर गुंडाळताना तो दोनदा त्यांच्या हातातून सुटला आणि दोनदा त्यांनी तो पहिल्यापासून गुंडाळला. "उंबऱ्याला लागली," ते म्हणाले, पण फार हळू.

आपा गेल्या महिन्यात परत आल्या. दुसऱ्याच दिवशी मास्तर सकाळच्या गाडीनं लातूरला गेले, चार दिवस राहिले, आणि आले ते कागदात गुंडाळलेली शेरवानी काखेत घेऊन. खुंटीला टांगून त्यांनी मला ती दाखवली. काखेतली फाटकी जागा तशीच होती, बाकी कापडाला नऊ वर्षांत कसर लागलेली नव्हती. प्रत्येक घडीत आपांनी कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवलेला होता.

"काखेत पट्टी घालतो," मास्तर म्हणाले. "थंडीत बसंल बराबर."

मी म्हटलं, आता विचारायला हरकत नाही. "मास्तर, नांदेड ते लातूर किती?"

त्यांनी गोल जवळ ओढला, टेप लावला आणि चष्मा वर करून पाहिलं. "एक सूत," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "विमान असतं तर हवेत दहा मिनिटं. चढायला पाव तास, उतरायला पाव तास. गाडीनं साडेतीन तास लागले, अहमदपूरला चहा घेतला म्हणून."

"आणि उंबरा ते उंबरा?"

मास्तरांनी टेप गळ्यात घातला. "नऊ वर्षं," ते म्हणाले. "तिथं लई जास्त दाब सुटला, सर."

मग मान खाली घालून त्यांनी मशीन सुरू केलं. शेरवानी खुंटीलाच होती. सुईखाली कापड नव्हतं.